हापशावर बसवायला सेन्सर कोणता? (माझं खोकं नवव्या दिवशी मेलं)

सोल्डरवाली:

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

मी कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत सहायक आहे. सुट्टीच्या दिवशी एका छोट्या गटाबरोबर काम करते. या गटाकडे चाळीसेक हापशांची देखभाल आहे. सगळे एकमेकांपासून लांब, आणि दुरुस्त करणारा मेकॅनिक एकच. हापसा बंद पडल्याचं त्याच्या कानावर यायला कधी दोन दिवस लागतात, कधी तीन आठवडे. तोवर लोक दुसरीकडून पाणी आणायला लागतात आणि एकदा वाट बदलली की या हापशाबद्दल कोणी ओरडतही नाही. मला वाटलं, हे तर माझ्याच टेबलावरचं काम आहे. हापसा बंद पडला की आपोआप निरोप जाईल असं एखादं स्वस्त खोकं.

तर बनवलं. ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर चिपचा तयार बोर्ड, एचसी-एसआर०४ हा आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि २५०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) एक लिथियम-आयन सेल. हापशाच्या तोंडाखालच्या नालीवर अर्ध्या मीटर उंचीवरून सेन्सर खाली तोंड करून टांगला. नालीत पाणी आलं की अंतर कमी होणार, म्हणजे हापसा चालू. दर १५ मिनिटांनी ५ सेकंद जागं व्हायचं, मोजायचं, पाठवायचं आणि परत झोपायचं. कागदावर सेल पाच महिने पुरत होता. प्रत्यक्षात नवव्या दिवशी खोकं गप्प झालं.

जाऊन पाहिलं तर हापसा मजेत चालू होता. सेन्सरच्या दोन डोळ्यांपैकी एकात कोळ्याने जाळं विणलं होतं आणि शेवटचे तीन दिवस सगळी मापं एकच होती, ४ सेंटिमीटर. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब. आयपी६७चं, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ न देणारं खोकं घेतलं होतं हो, स्वस्तातलं नव्हतं.

विचारायचं हे की सेन्सर कोणता घेऊ? जलरोधक अल्ट्रासॉनिक, लेझरवाला की आणखी काही? आमच्या एका विद्यार्थ्याचं म्हणणं आहे की रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि कॅमेरा लावा, चित्र ओळखून सांगेल. मला ते डासावर तोफ डागल्यासारखं वाटतं, पण माझीच तोफ उडाली नाही म्हटल्यावर बोलू काय?


फावल्या वेळात:

तोंडालाच फ्लो सेन्सर लावा की. हॉल इफेक्टवाला, आत चक्री फिरते तो. पाणी वाहिलं की पल्स मिळतात. कोळीबिळी काही नाही.


जुना पाना:

चक्रीवाला नको. तो भरलेल्या पाइपात, दाबाखाली चालतो. हापशाचं तोंड उघडं असतं, पाणी तळाशी धरून वाहतं, पाइप कधी पूर्ण भरतच नाही. वर बोअरमधून वाळूचा एखादा कण आला की चक्री अडकते, आणि मग तुमच्या सेन्सरमुळेच पाणी अडतं. लोक तो दगडाने फोडून काढतात आणि बरोबरच करतात.

आता ताई, तुमच्याबद्दल. मी सात वर्षं पाण्याच्या कामात असली खोकी बसवत आणि जास्त करून उतरवत फिरलो. म्हणून जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही पाणी मोजायला गेलात. पाणी मोजणं अवघड, दांडा मोजणं सोपं. दांडा हलतो तेव्हा माणूस तिथे उभा असतो. केनियात क्युसो भागात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी हेच केलं होतं. दांड्यात ॲक्सेलरोमीटर, तो हालचाल मोजणार आणि आकडे एसएमएसने जाणार. तिथे दुरुस्तीला सरासरी २७ दिवस लागायचे, ते ३ दिवसांच्या आत आले. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. पण त्या प्रयोगात सेन्सरच्या जोडीला दुरुस्तीची माणसंही नेमलेली होती, हे सांगायचं मात्र राहून जातं. निरोप आला की निघणारं कोणीतरी होतं, म्हणून दिवस कमी झाले.

माझ्या पहिल्या कामात आम्ही तीस खोकी बसवली. ऑफिसात भिंतीवर मोठा पडदा, नकाशावर हिरवे-लाल ठिपके. पाहुणे आले की त्यांना आधी तिथे न्यायचे. लाल ठिपके महिनोन् महिने लाल राहिले, कारण ठिपका लाल झाल्यावर उठायचं कोणी हे ठरलंच नव्हतं. एकदा मी स्वतः गाडी काढून सगळे लाल फिरलो. निम्म्याहून जास्त ठिकाणी हापसा चालू आणि खोकं मेलेलं. परतीच्या वाटेवर सहज एका हिरव्यापाशी थांबलो तर तो महिन्याभरापासून कोरडा. पोरं दांड्याला लोंबकळून झोके घेत होती. आमचं यंत्र मात्र प्रामाणिकपणे स्ट्रोक (दांडा एकदा खाली-वर, तो एक स्ट्रोक) मोजून पाठवत होतं.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. शांततेचा अर्थ लावता आला पाहिजे. खोकं फक्त बिघाड झाल्यावर बोलणार असेल तर ते मेलं की सगळं ठीक आहे असंच दिसणार. म्हणून रोज एकदा, काही घडलं नसलं तरी, 'मी जिवंत आहे, आज इतके स्ट्रोक, बॅटरी इतकी' एवढा निरोप गेलाच पाहिजे. शून्य स्ट्रोकचा निरोप म्हणजे हापसा बघा. निरोपच नाही म्हणजे खोकं बघा. तुमचा चार सेंटिमीटर आठवा. सलग तीन दिवस एकच माप येतं तेव्हा ते माप नसतंच, ती तक्रार असते. हे ओळखायला चार ओळींचा कोड पुरतो.

दुसरं, नुसती बेरीज ठेवू नका. घागर भरणारी बाई एका लयीत हापसते, मिनिटाला चाळीसच्या आसपास, सलग काही मिनिटं. कोरड्या हापशावर दहा-पंधरा स्ट्रोक मारून माणूस कंटाळतो आणि जातो. मुलांचा झोका तर लगेच ओळखू येतो, त्याला ताल नसतो. सलग किती वेळ हापसलं ते साठवा. आणि पावसाळ्यात वापर आपोआप घटतो, तेव्हा कालच्या आकड्याशी तुलना करू नका, त्याच भागातल्या बाकीच्या हापशांशी करा. सगळेच उतरले तर पाऊस, एकच उतरला तर बिघाड.

हालचाल मोजणारी चिप म्हणाल तर एडीएक्सएल३६२ किंवा एलआयएस३डीएच बघा. दोन्ही काही मायक्रोअँपिअरवर जागत बसतात आणि हालचाल झाली की मोठ्या चिपला उठवतात. दर १५ मिनिटांनी उठून 'कोणी आलं का, कोणी आलं का' विचारत बसायची गरजच उरत नाही. प्रयोगशाळांत सापडतो तो एमपीयू६०५० इथे नको, तो खादाड आहे.

कॅमेऱ्याबद्दल बोलतच नाही. लोक पाणी भरतात तिथे, अंघोळी करतात तिथे कॅमेरा लावाल तर खोकं पहिल्याच दिवशी विहिरीत जाईल, आणि जावंच.


सोल्डरवाली:

काका (सात वर्षं म्हणालात म्हणून काका म्हणते), झोक्यावरच्या पोरांचं वाचून हसले आणि मग गप्प बसले. आमच्याही गटात नकाशा बनवायचं ठरलं होतं, रंगसुद्धा निवडून झाले होते.

एक राहिलंच. माझा सेल पाच महिन्यांऐवजी नऊ दिवसांत का संपला? झोपेत ईएसपी३२ साधारण १० मायक्रोअँपिअर घेतो असं डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात आहे.


एमएएच मोजणारा:

हे माझं आवडतं दुखणं आहे, मी उत्तर देतो.

तुमचा हिशेब आधी तपासू. ५ सेकंद १२० मिलिअँपिअर धरले तर दर १५ मिनिटांची सरासरी ०.६७ मिलिअँपिअर होते, म्हणजे दिवसाला १६ एमएएच. २५०० भागिले १६, सुमारे १५६ दिवस. म्हणजे तुमचे पाच महिने बरोबर आहेत. आता उलटं करा. २५०० एमएएच ९ दिवसांत संपले म्हणजे सरासरी साडेअकरा मिलिअँपिअरच्या वर ओढ होती. हे कोण खात होतं?

झोपला तो फक्त चिपचा मेंदू. तयार बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर झोपत नाही, तो एकटाच पाचेक मिलिअँपिअर खाऊ शकतो. यूएसबीची चिप जागी, लाल दिवा जागा. आणि तुमचा अल्ट्रासॉनिक सेन्सर? त्याचा पुरवठा झोपताना तोडला होता का? नसेल तर तोही रात्रभर दोन-तीन मिलिअँपिअर पीत बसला होता. डेटाशीटमधला आकडा नुसत्या चिपचा असतो, आपण विकत घेतो तो बोर्ड. मल्टिमीटर सेलच्या मालिकेत लावून खोकं झोपेत असताना एकदा मोजा. मी नवशिक्यांना पहिल्या दिवशी हेच करायला लावतो आणि प्रत्येकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पाना म्हणतात तसं केलं तर? मोजणाऱ्याचे काही मायक्रोअँपिअर, कोडचे थोडे, मिळून दिवसाला अर्धा एमएएच धरा. दिवसातून एकदा मोबाइल नेटवर्कवर निरोप, एक मिनिट सरासरी १५० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच एमएएच. एकूण ३. आता तोच सेल कागदावर ८०० दिवसांच्या वर जातो. उन्हातलं निम्मं धरलं तरी वर्षभर हात लावायला नको.

सोलर लावायचा मोह होईल, आवरा. बंद खोक्यात दुपारी सेल तापतो आणि बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं असतं. म्हणजे ऊन सर्वांत जास्त तेव्हाच चार्जिंग सर्वांत वाईट. शिवाय पॅनल चमकतं, चमकणारी वस्तू टिकत नाही. न चार्ज होणारा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल घ्या. वर्षाला जेमतेम एखादा टक्का आपोआप उतरतो. त्याची खोड एकच, एकदम मोठा करंट देत नाही. मोबाइल नेटवर्कवर निरोप पाठवणारं मॉडेम पाठवताना घोट मोठा घेतं, त्यासाठी शेजारी वीज साठवून एकदम देणारा दणकट कॅपॅसिटर हवा.

आणि मॉडेम घेताना जुनं टूजी घेऊ नका. सिम८००एल सगळीकडे मिळतं, त्यावर शेकडो उदाहरणं आहेत, पण पाठवताना २ अँपिअरपर्यंत झटके घेतं आणि बऱ्याच देशांत टूजी बंद झालंय किंवा होतंय. आज बसवलेलं खोकं पाच वर्षांनी ज्या नेटवर्कवर बोलणार ते तेव्हा असेल का, हे आधी विचारा.

जाता जाता, नालीवर टांगलेला सेन्सर कोळी नसता तरी चुकला असता. हवेतला आवाजाचा वेग अंशाला ०.६ मीटर प्रति सेकंद वाढतो. पहाटेच्या २० अंशांवरून दुपारी ४० झाले की साडेतीन टक्के फरक. अर्ध्या मीटरवर पावणेदोन सेंटिमीटर. तुमच्या नालीत पाणी किती खोल असतं?


सोल्डरवाली:

दीड सेंटिमीटर. 🙈 आणि सेन्सरचा पुरवठा तोडला नव्हता.


उगाच विचारतो:

मला एक कळत नाही. हापशावर मेकॅनिकचा फोन नंबर रंगवला तर? बंद पडला की कोणीही मिस्ड कॉल देईल. बॅटरी नको, कोळी नको, मायक्रोअँपिअर नको.

गरीब देशांसाठी स्वस्त यंत्र म्हटलं की मला शंभर डॉलरचा लॅपटॉप आठवतो. २००५ मध्ये निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी जाहीर केला, पेरूने लाखोंनी घेतले. २०१२ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेचा तिथल्या शाळांवरचा अभ्यास आला. संगणक मुलांच्या हातात पोचले होते, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. यंत्र स्वस्त झालं म्हणून प्रश्न स्वस्त होत नाही.


जुना पाना:

नंबर रंगवा. मी तर म्हणतो आज रंगवा, खोकं नंतर. मी एका ठिकाणी तसं केलं आणि सहा महिने खोक्याची गरज पडली नाही. मग मेकॅनिकचा नंबर बदलला आणि रंग तोच राहिला. पण हा दोष काही रंगाचा नाही, आमच्या खोक्यातही त्याचा जुनाच नंबर होता.

लॅपटॉपचं उदाहरण मात्र अर्धंच लागू पडतं. तिथे वस्तू देऊन पुढचं आपोआप होईल असं धरलं होतं. उलट उदाहरण लसीच्या कुपीवरचा ठिपका. १९९६पासून पोलिओच्या लसीवर तो येतो. आतला चौकोन उष्णतेने हळूहळू गडद होतो, बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की डोस फेकायचा. बॅटरी नाही, सिम नाही, तरी तो अस्सल सेन्सर आहे. वाचणारी नर्स आणि निर्णय घेणारी नर्स एकच, कुपी तिच्याच हातात. आपल्या खोक्यांत वाचणारा ऑफिसात, पाना दुसऱ्याच्या हातात, आणि मधे दोघांची ओळखही नाही.

ताई, म्हणून सेन्सर घेण्याआधी एक करा. तुमच्या मेकॅनिकबरोबर एक दिवस फिरा आणि त्याला विचारा, तुला काय कळलं तर तुझी एक खेप वाचेल? 'बंद आहे का' हे विचारू नका, तो 'हो, ते कळलं तर बरं' म्हणेल, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.


सोल्डरवाली:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. फिरले, एक नाही तीन दिवस.

त्याचं उत्तर मला कधीच सुचलं नसतं. तो म्हणाला, 'बंद पडला ते कळतं हो कसंतरी. काय घेऊन जायचं ते कळत नाही.' आमचे बरेच हापसे इंडिया मार्क टू पद्धतीचे आहेत. त्यात खालचा व्हॉल्व्ह किंवा दट्ट्याचं वॉशर बदलायचं तर आख्खे उभे पाइप वर काढावे लागतात. तीन-चार माणसं लागतात, साखळी-कप्पी लागते. वरच्या भागातली चेन किंवा बेअरिंग असेल तर तो एकटा पाना घेऊन तासात उरकतो. आधी नुसतं बघायला जायचं, मग माणसं जमवून परत जायचं, अशा त्याच्या निम्म्या खेपा जातात.

मग मी विचारलं, खालचा व्हॉल्व्ह गेला हे तू वरून कसं ओळखतोस? म्हणाला, 'सकाळी पहिल्या बाईला विचारतो, किती वेळा हापसलं तेव्हा पाणी आलं.' व्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपातलं पाणी रात्रभरात खाली उतरतं. चांगल्या हापशाला दोन-तीन स्ट्रोकमध्ये पाणी येतं. गळका असेल तर आधी दहा, मग काही आठवड्यांनी तीस, आणि मग एक दिवस येतच नाही. बाया हे महिनाभर आधीपासून सांगत असतात. ऐकायला कोणी नसतं एवढंच.

आता मला दोनच गोष्टी मोजायच्या आहेत. दांड्याचे स्ट्रोक, आणि तोंडातून पाणी आलं तो क्षण. रोज पहाटेच्या पहिल्या वापरात या दोन्हींमधला आकडा. काका, पाण्याचा क्षण कसा पकडू?

नंबर रंगवून झाला आहे, चाळीसही हापशांवर. पहिला मिस्ड कॉल दुसऱ्याच दिवशी आला.


जुना पाना:

ताई, हा आकडा मी सात वर्षांत एकदाही मोजला नाही. तुमच्या मेकॅनिकला माझा नमस्कार सांगा.

साधं करा. तोंडाच्या तळाशी स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू, मधे दोनेक सेंटिमीटर अंतर, हापशाच्या लोखंडाला लागणार नाहीत असे प्लॅस्टिकच्या बुशमध्ये बसवा. पाणी आलं की दोघांमधून करंट जातो. सतत व्होल्टेज ठेवू नका, महिन्यात एक स्क्रू कुरतडला जाईल. दांडा हलत असेल तेव्हाच, प्रत्येक स्ट्रोकला एक मिलिसेकंदाची पल्स, आणि दर वेळी दिशा उलटी. रात्रीच्या ओलीमुळे थोडा करंट दिसेलच, तो कोरड्याहून जास्त आणि वाहत्या पाण्याहून बराच कमी असतो. मर्यादा तिथे जाऊन ठरवा, टेबलावर नको.

आकडा किती वर जाईल तेही आधी काढून ठेवा. पाणी ३० मीटर खाली असेल तर उभ्या पाइपात पंचवीसेक लिटर मावतं. एका स्ट्रोकला साधारण तिसरा हिस्सा लिटर, म्हणजे पूर्ण उतरलेल्या हापशाला पंचाहत्तरच्या आसपास स्ट्रोक लागतील. त्याच्या आधी बऱ्याच जणी सोडून जातात, त्यामुळे 'चाळीस मारले, पाणी आलं नाही, गेली' हीसुद्धा नोंद ठेवा. एकाच खोक्याने सुरू करा आणि शक्यतो त्या हापशावर, ज्याचा व्हॉल्व्ह गळतोय हे मेकॅनिकला आधीच ठाऊक आहे.

खोक्यातल्या थेंबांचं उत्तर राहिलं होतं. आयपी६७ पाणी आत येऊ देत नाही, पण खोकं रात्री गार झालं की दमट हवा फटीतून ओढून घेतं आणि तिच्यातल्या वाफेचे आत गार होऊन थेंब होतात. हवा जाऊ देणारा, पाणी अडवणारा पडद्याचा व्हेंट मिळतो, तो तळाशी लावा आणि सर्किटवर लॅकर मारा. अँटेना लोखंडी डोक्याच्या आत ठेवू नका, आतून काही ऐकू येत नाही. आणि निरोपात 'पंप क्र. १७' लिहू नका. मेकॅनिक त्याला ज्या नावाने ओळखतो ते लिहा.


सोल्डरवाली:

तो त्याला 'शाळेमागचा खडखड्या' म्हणतो. तसंच टाकते. स्क्रूचे फोटो रविवारी.


एमएएच मोजणारा:

फोटोबरोबर झोपेतला करंट पण टाका. मायक्रोमध्ये.